भांडून सही करणाऱ्या वेणूताई

वेणूताई गोळे खांद्याला पर्स लावून, पदर खोचून भर दुपारी कुणाच्या घराकडे निघाल्या, की आमच्या कॉलनीत सगळ्यांना दोन गोष्टी कळायच्या. त्या घरात आज मृत्युपत्रावर सह्या आहेत, आणि त्या घरात आज भांडण आहे.

ईशान, तन्वी, परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तुझं विल झालंय का? आणि प्रोबेट म्हणजे नक्की काय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कपाटातल्या निळ्या फायलीत आहे. दुसऱ्याचं द्यायला लागले आणि मला वेणूताई आठवल्या, हसू आवरेना. तुम्हाला वाटलं लाइन खराब आहे. म्हणून आता बसून नीट लिहिते आहे. कायद्याची माहिती अधूनमधून येईल, ती घ्या. पण माझ्याच्यानं ती वेणूताईंना वगळून सांगवणार नाही.

ही गोष्ट तुमचा बाबा कॉलेजात होता तेव्हा सुरू होते. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची कॉलनी नवीन होती, मागे अजून द्राक्षाच्या बागा होत्या. वेणूताई आमच्या शेजारच्या बंगलीत एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत सगळा जन्म त्यांनी पी.टी. शिकवली. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायच्या, "रांगेत उभा राहणारा एकही पुरुष मला भेटला नाही." बांधा ठेंगणा, साडी सुती, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात काळ्या गोफात शिट्टी. निवृत्तीनंतरही ती शिट्टी गळ्यातून उतरली नाही. रिक्षा थांबवायला शिट्टी, भाजीवाल्याला बोलवायला शिट्टी, मोकाट डुकरं हाकलायला शिट्टी. एकदा गणपतीच्या मिरवणुकीत त्यांनी सवयीनं शिट्टी फुंकली आणि अख्खं लेझीमपथक जागच्या जागी थांबलं. त्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या.

दुसरी सवय म्हणजे "पाठ सरळ!" हे दोन शब्द. समोरचा कोण आहे, कशात आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. दूधवाल्याला म्हणत, नगरसेवकाला म्हणत. सांत्वनाला गेल्या तरी रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात फिरवून हळूच म्हणत, "रडा हो, पण पाठ सरळ ठेवून रडा." मला मात्र त्या "मॅडम" म्हणायच्या. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्याची ती थट्टा होती. "काय मॅडम, आज कुठल्या भाषेत स्वयंपाक?" असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या.

आमच्याच गल्लीत पाठक वकील राहायचे. कॉलनी नवीन, घरं स्वतःच्या कमाईची, आणि घरं बांधणारे बहुतेक निवृत्तीला टेकलेले. त्यामुळे पाठकांकडे मृत्युपत्रांचं काम सारखं यायचं. आता हे लक्षात ठेवा: मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, साध्या कागदावरही चालतं. पण दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्यानं आपली सही त्यांच्यादेखत करायची आणि त्यांनी आपली त्याच्यादेखत. ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीला घेऊ नये हे शहाणपणाचं. पाठकांचे एक साक्षीदार ठरलेले होते, ते म्हणजे आमच्या कॉलनीचे डॉक्टर. दुसरा कोण, हा प्रश्न आला तेव्हा वेणूताई स्वतःच पुढे झाल्या.

"मला घ्या. माझ्या नावानं या कॉलनीत कुणी चमचासुद्धा ठेवणार नाही."

पाठकांना ते पटलं. वेणूताई साक्षीदार झाल्या. आणि पहिल्याच मृत्युपत्राच्या वेळी पाठकांना कळलं की आपण काय करून बसलो.

वेणूताईंचं म्हणणं असं, की साक्षीदारानं नुसती सही बघायची नसते, सही करणारा माणूस शुद्धीवर आहे आणि आपल्या मर्जीनं करतोय, हेही बघायचं असतं. यात चूक काही नव्हती. कायदाही तेच बघतो. पण ते बघायचं कसं? डॉक्टर नाडी बघत, दोन प्रश्न विचारत. वेणूताई भांडण काढत.

"नाव सांगा, गाव सांगा, हे पोपटही सांगतो," त्या म्हणायच्या. "माणूस जागेवर आहे की नाही ते त्याच्या वर्मावर बोट ठेवल्यावर कळतं. चिडून मुद्द्याचं बोलला की समजायचं, डोकं शाबूत आहे. मग मी सही करते."

आत काय लिहिलंय ते मात्र त्या कधीही वाचत नसत. साक्षीदाराला त्याची गरजही नसते. पण कॉलनीला हे खरं वाटायचं नाही. सेक्रेटरींच्या बायकोनं एकदा त्यांना बोलावून साग्रसंगीत जेवण घातलं, उकडीचे मोदक घातले, आणि शेवटी विचारलं, "समोरच्या काकांनी घर कुणाला दिलं हो?" वेणूताईंनी पान लावलं, चुना नीट पसरला आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण आणखी एक मोदक दिलात तर आठवतंय का बघते." मोदक आला. तो खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "छे. नाहीच माहीत."

तुमच्या आजोबांचं मृत्युपत्र झालं तो दिवस माझ्यासमोर जसाच्या तसा आहे. आजोबा तुम्हाला आठवतात ते शांत, हसरे. तेव्हाही तसेच होते. त्यांना राग आलेला मी स्वतः फारसा पाहिला नव्हता, आणि माझ्याकडून प्रयत्नांत कसूर नव्हती. पाठक कागद घेऊन बसले, डॉक्टरांनी नाडी बघितली, आणि वेणूताई खुर्चीत सरसावून बसल्या.

"भाऊसाहेब, तुमच्या बागेतली मोगऱ्याची रोपं अगदीच मरतुकडी."

"खरंय," आजोबा म्हणाले. "खत कमी पडलं."

"तुमचा आवाज भजनात बेसूर लागतो."

"म्हणून तर मी मागं बसतो."

वेणूताईंनी त्यांच्या शर्टाला नावं ठेवली, गाडी चालवण्याला ठेवली, मला इंग्रजी येत असूनही मी त्यांच्याशी लग्न केलं याबद्दल माझी कीव केली. आजोबा प्रत्येक वेळी मान डोलवत होते. पाठकांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात वेणूताई अगदी सहज म्हणाल्या, "तुमचं सिन्नर तरी काय हो, एस.टी. स्टँड सोडलं तर आहे काय तिथं बघण्यासारखं?"

आजोबा खुर्चीतून उठलेच. "गोंदेश्वराचं देऊळ पाहिलंय का कधी? आयुष्यात? नाशिकच्या लोकांना गोदावरीपलीकडे काही दिसतच नाही! त्या देवळाच्या एकेका खांबावर..." आणि मग खांब, कळस, दगड, सगळं ऐकावं लागलं. चहा निवला. वेणूताईंनी शांतपणे पेनचं टोपण काढलं. "शुद्धीवर आहेत. आणा इकडे."

हे सगळं गमतीचं वाटेल, पण एकदा त्यांनी सही करायचं नाकारलं ते सांगते. कोपऱ्यावरच्या बंगल्यात मीनाक्षीबाई म्हणून एक विधवा बाई राहायच्या. मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या येऊन-जाऊन असे. एक दिवस तोच पाठकांकडे आला, काकूला मृत्युपत्र करायचंय म्हणाला, मजकूरही त्यानंच सांगितला. सगळे जमले. मीनाक्षीबाई कडेला बसल्या होत्या, पुतण्या त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा.

वेणूताईंनी सुरुवातच जोरात केली. "मीनाक्षी, गेल्या होळीला तू पुरणपोळी पाठवलीस ना, ती चामड्यासारखी होती."

आता मीनाक्षीबाईंची पुरणपोळी म्हणजे कॉलनीची शान होती. आम्ही श्वास रोखला. मीनाक्षीबाईंनी पुतण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो? असेल बाई. असेल."

वेणूताईंनी टोपण परत पेनला लावलं. "मी नाही सही करत."

पुतण्या तडकला, "का? काकू व्यवस्थित बोलतायत की!"

"म्हणूनच," वेणूताई म्हणाल्या आणि बूट वाजवत निघून गेल्या. डॉक्टरांनीही मग बॅग उचलली.

पुढच्या आठवड्यात पुतण्या गावाला गेला होता. मी बागेत होते. मीनाक्षीबाई झपाझपा चालत आल्या, त्यांनी वेणूताईंचं फाटक धाडकन उघडलं आणि अंगणातूनच ओरडल्या, "वेणू! बाहेर ये! माझ्या पुरणपोळीला चामडं म्हणतेस? तुझ्या सात पिढ्यांत कुणी अशी लाटली होती का?"

वेणूताई दारात आल्या. चेहऱ्यावर असा आनंद, जसा शाळेनं ढाल जिंकल्यावर असायचा. "आलीस का शुद्धीवर? बस. पाठकांना बोलावते. आता तुला काय लिहायचंय ते तू सांग."

मीनाक्षीबाईंनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. पुतण्या मात्र नंतर कॉलनीत फारसा दिसला नाही.

आता मुख्य गोष्ट. यात वेणूताई स्वतःच अडचणीत आल्या.

आमच्याकडे पूजेची फुलं हिरा द्यायची. मखमलाबादकडे तिच्या वडिलांची, केरूआबांची, फुलांची शेती होती. झेंडू, गुलाब, निशिगंध. हिराचा नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली. पहाटे फुलं तोडायची, फुलबाजारात न्यायची, उरलेली आमच्यासारख्यांच्या घरी घालायची, आणि परत जाऊन आबांचं करायचं, असा तिचा दिवस होता. दोन भाऊ होते. थोरला दशरथ अंबडला कारखान्यात, धाकटा संपत सिन्नरच्या रस्त्यावर जीप चालवायचा. वडिलोपार्जित शेत आबांनी दोघा मुलांना आधीच वाटून दिलं होतं. उरलं होतं ते आबांनी स्वतः विकत घेतलेल्या जागेवरचं दोन खोल्यांचं घर आणि मागचा निशिगंधाचा तुकडा. ते त्यांना हिराच्या नावानं करायचं होतं. स्वतःच्या कमाईचं माणूस हवं त्याला देऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. वडिलोपार्जित असलं तर फक्त आपल्या हिश्श्यापुरतं.

आबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. पाठक, डॉक्टर आणि वेणूताई रिक्षानं तिकडे गेले. संध्याकाळी वेणूताई परत आल्या त्या खुशीत. "मॅडम, आज फार वर्षांनी तोडीस तोड माणूस भेटला." इतकंच म्हणाल्या. पुढे काही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी आबा गेले. हिरानं घराला आपलं नाव लावायला सिटी सर्व्हे ऑफिसात अर्ज केला. तिथून भावांना नोटीस गेली आणि दोघांनी हरकत घेतली. पाठकांनी हिराला समजावलं, की मुंबईत मिळकत असती तर प्रोबेट घ्यावंच लागलं असतं. नाशकात तशी सक्ती नाही. पण भावांची हरकत आलीच आहे, तर कोर्टाकडून घेतलेलं बरं. प्रोबेट म्हणजे, मुलांनो, एवढंच, की हेच त्या माणसाचं खरं, शेवटचं मृत्युपत्र आहे, असा कोर्टाचा शिक्का. मिळकत कोणाची हा वाद त्यात कोर्ट सोडवत नाही. कागद खरा की खोटा, करणारा शुद्धीवर होता की नव्हता, एवढंच बघतं. अर्ज करायचा, वारसांना नोटिसा जातात, पेपरात जाहीर नोटीस येते. कुणी हरकत घेतली नाही तर काम सरळ होतं. घेतली, की साक्षीपुरावे होतात, आणि निदान एका तरी साक्षीदाराला येऊन सांगावं लागतं की हे माझ्यासमोर झालं.

डॉक्टर मधल्या काळात हार्ट अ‍ॅटॅकनं गेले होते. राहिल्या एकट्या वेणूताई.

आणि भावांची हरकत साधी नव्हती. मृत्युपत्रावर आबांची सही नव्हती, अंगठा होता. आबा बाजार समितीत, बँकेत, सगळीकडे सही करायचे, झोकात करायचे. मग इथेच अंगठा कसा? भावांचं म्हणणं होतं, बाप बेशुद्ध असताना हिरानं त्याचा अंगठा उमटवून घेतला. हा मुद्दा लंगडा नव्हता. सही येणाऱ्याचा अंगठा दिसला की कोर्टही कान टवकारतं.

हिरा आमच्या ओट्यावर येऊन बसली. फुलांची परडी मांडीवर तशीच. "मॅडम, घर गेलं तर मी कुठं जाऊ? भावजयांच्या दारात नाय जानार मी. निशिगंध तर उपटून न्येता येत नाय."

तिला चहा देऊन मी वेणूताईंकडे गेले. पाठक आधीच येऊन बसले होते, कपाळाला आठ्या. आणि वेणूताई, ज्यांची पाठ मी कधी वाकलेली पाहिली नव्हती, त्या कोचावर चक्क पोक काढून बसल्या होत्या.

"अंगठा माझ्यामुळे झाला," त्या म्हणाल्या. "मी त्यांना डिवचलं. जरा जास्तच."

"आणि ते कोर्टात सांगायचं नाही," पाठक म्हणाले. "हात जोडतो, वेणूताई. 'माझ्यासमोर अंगठा केला, शुद्धीवर होते', एवढं एका वाक्यात सांगा नि गप्प बसा. आजारी माणसाला चिडवून, रागाच्या भरात अंगठा घेतला असं तुमच्याच तोंडून आलं, तर समोरचा वकील नाचेल. म्हणेल, स्वस्थ मनानं केलेलं नाहीच. हिराचं घर जाईल."

"आणि विचारलंच, अंगठा का, तर?"

"तर म्हणा, हात थरथरत होता."

"नव्हता थरथरत," वेणूताई म्हणाल्या. "माझ्या नाकासमोर नाचवत होते तो हात."

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. सी.बी.एस. बसस्टँडजवळचं कोर्ट तुम्ही पाहिलंय, तीच दगडी इमारत. वेणूताईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. शिट्टी बाहेर दिसू नये म्हणून पदराआड ढकलली होती. हिरा भिंतीला टेकून उभी होती, ओठ हलत होते. शेवटच्या बाकावर दशरथ आणि संपत. दशरथनं कारखान्याचा गणवेशच घातला होता, बहुधा पाळीवरून तसाच आला होता.

पाठकांनी विचारलं त्याला वेणूताईंनी अगदी शहाण्या मुलीसारखी उत्तरं दिली. मग समोरचे वकील उठले. तरुण, चुणचुणीत.

"मयत केरू यांना सही येत होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी अंगठा का?"

पाठकांनी डोळे मिटले. वेणूताईंनी एकदा हिराकडे पाहिलं, एकदा छताकडे. आणि पाठ सरळ केली.

"मी त्यांना चिडवलं म्हणून."

वकिलांच्या तोंडावर दिवाळी. "म्हणजे अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही मुद्दाम चिडवलंत?"

"हो. मी सगळ्यांनाच चिडवते."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. "सगळ्यांना म्हणजे?"

"जो कोणी मृत्युपत्र करेल त्याला, साहेब. सही करण्याआधी. नाडी बघायला डॉक्टर होते. डोकं बघायला मी."

टायपिंग करणारी मुलगी खाली मान घालून हसत होती. नंतर कळलं, तीही त्यांचीच विद्यार्थिनी.

"काय बोललात तुम्ही मयताला?" वकिलांनी विचारलं. इथं त्यांनी थांबायला हवं होतं. पण मासा गळाला लागला असं त्यांना वाटत होतं.

"मी म्हटलं, तुमच्या निशिगंधाला वास नाही."

मागच्या बाकावर संपत पुटपुटला, "बाप रे."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, वास नाकाला येतो, शिट्टीला नाय येत." वेणूताईंनी पदराआडची शिट्टी काढून कोर्टाला दाखवली. "ही माझ्या गळ्यात होती. तेवढं त्यांनी बघितलं होतं. म्हणजे नजर शाबूत."

"पुढे?"

"पुढे मी म्हटलं, सही तरी येते का, की नुसती फुलंच तोडता येतात? हे मी म्हणायला नको होतं. मोठ्या माणसाला असं बोलू नये."

"आणि ते संतापले. भान सुटलं त्यांचं. बरोबर?"

"संतापले. भान नाही सुटलं."

"ते तुम्ही कशावरून म्हणता? काय बोलले ते?"

वेणूताई न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, सांगू का? शब्द बरे नाहीत. ही टायपिंगवाली माझ्या शाळेतली मुलगी आहे, तिच्यासमोर..."

"शपथेवर आहात," न्यायाधीश म्हणाले. "सांगा."

मग माझी ठेंगणी शेजारीण त्या पिंजऱ्यात अर्धवट रेलली, कोपरावर, जणू बाजेवर. एक डोळा बारीक केला, अंगठा उगारला, आणि खर्जातल्या, घरघरणाऱ्या आवाजात बोलली:

"ए मास्तरीनबाई! तू म्हंजे सांजच्या बाजारातनं परत आलेला झेंडू हायेस झेंडू! ना देवाला, ना मयताला! सही करतो मी मानसांसमोर. तुझ्यासमोर काय करायची? हिरा मला घास भरवती, घर तिचं. पोरांना रान दिलं, त्यांचं पोट भरलंय. घे हा अंगठा, नि चालू लाग माझ्या घरातनं!"

मागच्या बाकावरून जोराचं हसणं फुटलं. दशरथ उभा राहिला होता. हसत होता आणि डोळेही पुसत होता.

"आबाच हाय ह्यो!"

"शांतता!" न्यायाधीश म्हणाले. "कोण तुम्ही?"

"दशरथ, साहेब. हरकत माझीच हाय. साहेब, आबा आमाला ल्हानपनापासनं ह्येच म्हनायचा. परत आलेला झेंडू, ना देवाला ना मयताला. परीक्षेत नापास झालो तवा म्हनला, लग्नात उशिरा आलो तवा म्हनला. चारचौघांत कधी नाय बोलला, घरातच. ह्या बाईला कुठनं ठावं असनार?"

त्याच्या वकिलांनी त्याला कोपरानं ओढून खाली बसवलं. पण आता उशीर झाला होता. न्यायाधीशांनी घसा साफ केला आणि टायपिंगवाल्या मुलीला संथ आवाजात सांगू लागले, "लिहा. साक्षीदार पुढे सांगते की, मयताने तिला परत आलेला झेंडू असे संबोधले..." ती मुलगी ओठ चावत टाइप करत होती. वेणूताई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "साहेब, 'सांजच्या बाजारातनं' राहिलं."

बाहेर व्हरांड्यात दोघं भाऊ उभे होते. मला वाटलं होतं, ही माणसं घरासाठी हपापलेली असतील. थोडी होतीही. पण दशरथ हिराला म्हणाला ते ऐकून मला कळलं, की खरं दुखणं दुसरंच होतं.

"मला वाटलं, आबाला कळलंच नाय. आमी कोन, काय, कायबी. न कळताच गेला. तू अंगठा उमटवला असशील."

"मी?" हिरा म्हणाली. "मला चा करायला पाठिवलं होतं या बाईंनी. मला तर भांडनाचा नुसता आवाज आला."

संपत अजून घुम्यासारखा होता. "म्हंजे आपल्याला कायच नाय?"

"रान दिलंय की रं," दशरथ म्हणाला. "आयकलं न्हाईस का, पोट भरलंय म्हनला आपलं." आणि वेणूताईंकडे वळून म्हणाला, "बाई, आनखी काय म्हनला आबा? सगळं सांगा."

"आधी चहा पाज," वेणूताई म्हणाल्या.

पुढच्या तारखेला दशरथनं हरकत मागे घेतली. संपतनं आणखी एक तारीख काढली, मग त्यानंही घेतली. तरी कोर्टानं कागद तपासले, साक्ष वाचली, आपल्या गतीनं काम केलं, आणि हिराला प्रोबेट मिळालं. घराला तिचं नाव लागलं. पाठकांनी मात्र नवा नियम केला: वेणूताईंनी हवं तेवढं भांडावं, पण माणसाच्या सहीविषयी अवाक्षर काढायचं नाही. वेणूताईंनी तो मान्य केला. "विषयांची काय कमी आहे?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं. वेणूताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण शेवटचं एक सांगायचं राहिलं.

त्या खटल्यानंतर दशरथ अधूनमधून कॉलनीत येऊ लागला. सुट्टीच्या संध्याकाळी लूनावरून यायचा, हिराकडच्या फुलांची पुडी वेणूताईंच्या फाटकाला अडकवायचा आणि आवाज द्यायचा, "बाई, हायेत का?" वेणूताई बाहेर यायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि आबांच्या आवाजात त्याची हजेरी घ्यायच्या. लूना, पोट, केस, बायकोला आणलेली साडी, काही सुटायचं नाही. तो खाली मान घालून ऐकायचा आणि समाधानानं घरी जायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना वाटायचं, उधारी वसूल होतेय.

मग एका हिवाळ्यात वेणूताईंची तब्येत ढासळली. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नुसती कुजबुज राहिली, तीही जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नसे. भाची येऊन राहिली होती. दुपारी ती त्यांना अंगणात उन्हात खुर्चीवर बसवायची, अंगावर शाल घालायची. थोड्याच दिवसांनी ती त्यांना आपल्या घरी पुण्याला घेऊन गेली, आणि तिकडेच त्यांनी डोळे मिटले. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या अंगणात, माझ्या खिडकीतून.

त्या दुपारी दशरथ आला होता. हिराही होती, मागे उभी. त्याला ऑपरेशनचं माहीत नसावं. नेहमीसारखा आवाज दिला, फाटक उघडलं, आणि खुर्चीतल्या त्या एवढ्याशा झालेल्या बाईला बघून जागीच थांबला. पुडी हातातच राहिली. वेणूताईंनी त्याच्याकडे बघितलं. शालीतून हात बाहेर काढला आणि बोटानं त्याला जवळ बोलावलं. तो गेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मला अर्थातच एक अक्षर ऐकू आलं नाही. दशरथ आधी "जी, जी" करत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो मान मागे टाकून असा हसला, की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले, आणि हिरा पुढे येऊन त्याला विचारू लागली, "काय म्हनल्या? सांग ना रं, काय म्हनल्या?"

वेणूताईंनी शाल सारखी केली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं रस्त्याकडे बघत बसल्या.